बुवांची पाचवी चाल

आबा, शाळेच्या संगीत मंडळानं मला एक काम दिलंय आणि चार दिवस झाले तरी ते पुरं होत नाही. आपल्या बुवांच्या सगळ्यात आवडत्या रचनांची ओळख करून द्यायची आहे, दोन पानांत, मुलांना समजेल अशी. बुवा म्हणजे तुमचे ते जर्मनीत जन्मलेले, विलायतेत जाऊन राहिलेले, म्हातारपणी डोळे गेलेले जुने संगीतकार. पलटणीच्या बँडमध्ये वीस वर्षं तुम्ही त्यांच्या चाली क्लॅरिनेटवर वाजवल्यात, आणि नाव जिभेवर बसेना म्हणून त्यांना कीर्तनकारासारखं बुवा करून टाकलंत. चार रचनांवर लिहून झालंय. पाचवीपाशी मात्र या वयातही हात थांबतो.

एकाहत्तर सालची दिवाळी झाली होती. तुम्ही पेन्शनीत येऊन भिंगारला लग्नाच्या बँडमध्ये वाजवत होतात. तुमच्या थोरल्या मुलानं, माझ्या दादानं, वाद्याला कधी हात लावला नाही, तो सरळ तुमच्याच पलटणीत शिपाई झाला, म्हणून क्लॅरिनेट माझ्याकडे आली. मुलगी बाजा फुंकते म्हणून गल्ली हसायची. तुम्ही म्हणायचात, "हसू दे. त्यास्नी फुंकाय येत न्हाई." तुमच्या हातानं चाली उतरवलेल्या वहीतून तुम्ही मला बुवा शिकवलेत. पहिल्या चालीत राजाची नाव नदीतून चालली आहे आणि शेजारच्या नावेत वाजंत्री बसलेत, राजाला चाल इतकी आवडते की तो ती पुन्हा पुन्हा वाजवून घेतो. "आन् आपल्या ओढ्यात पाय भिजंल एवढं पानी न्हाई," असं म्हणून तुम्ही स्वतःच हसायचात. दुसऱ्या चालीत एक राजा झाडाच्या सावलीला गाणं म्हणतो, नुसत्या सावलीला. ती तुम्ही मला अंगणातल्या लिंबाखाली शिकवलीत आणि म्हणालात की उन्हाळ्यात खर्ड्याच्या रस्त्यानं चाललेल्या माणसालाच ती कळेल. आतषबाजीची चाल तुमची लाडकी, कारण त्या राजाला त्यात फक्त फुंकायची आणि बडवायची वाद्यं हवी होती. चौथी ऐकताना विलायतेत लोक उभे राहतात, म्हणून तुम्ही मलाही उभं करायचात. आई ज्वारी निवडता निवडता विचारायची, "आता मीबी उठू का?"

पुढचं पान तुम्ही उलटून टाकलंत. "ही न्हाई. ही घरात वाजवायची नसती." का, ते सांगितलं नाहीत. दादानं सांगितलं, सुट्टीवर आला होता तेव्हा. ती मयताची चाल. बंदुका उलट्या धरून, एकेक पाऊल टाकत सैनिकाला नेतात, तेव्हा वाजते. त्याच सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तो अंगणात तोंड धूत होता आणि एका कावळ्यानं येऊन त्याच्या डोक्याला पंजा मारला. दादा हसला. "आईला सांगू नको हां, उगं रडत बसंल," म्हणाला आणि गेला. पंधरा दिवसांत लढाई सुरू झाली.

कावळ्याचं फक्त मला माहीत होतं, आबा. मी चौदा वर्षांची होते. कावळा डोक्याला लागला तर मरण टळावं म्हणून काय करतात तेही मला माहीत होतं, मामाच्या वेळी पाहिलं होतं. माणूस गेला असं खोटं कळवायचं, घरचे रडले की त्याचं आयुष्य वाढतं. आई तेव्हा दुपारभर ऊर बडवत होती, आणि संध्याकाळी खरं कळल्यावर पत्र पाठवणाऱ्याला शिव्या देत तिनं शिरा केला होता. मला आई तशी रडायला हवी होती. खिडक्यांना काळे कागद लावलेले, रेडिओपाशी आपण बसलेले, शेजारच्या काकूही येऊन बसायच्या, कारण त्यांचे मिस्टर दादाच्याच पलटणीत. गल्लीत सायकलची घंटा वाजली की तार आली असेल म्हणून मी दाराकडे धावायचे.

एका दुपारी मी पोस्टकार्ड घेतलं. "दादा" एवढं लिहिलं आणि पुढचा शब्द हातून उमटेना. मग मला वाटलं, सुरांत तसलं काही लिहावं लागत नाही. तुम्ही नगरला गेला होतात. मी वही काढली आणि पाचवी चाल वाजवली. तुम्हीच सांगा आबा, मयताची चाल, आणि सगळे स्वर शुद्ध, एकही कोमल नाही! आई सूप थांबवून म्हणाली, "किती गोड हाय गं. नवी का?" तिच्या डोळ्यांत टिपूससुद्धा नाही. मी घाबरले, रड ना, रड ना, असं मनात म्हणत पुन्हा वाजवली. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. दहा वर्षं लष्करी क्वार्टर्समध्ये काढलेली बाई, त्यांनी ती चाल कितीदा ऐकली असेल. त्या उंबऱ्यावर मटकन बसल्या. "कोन गेलं? सांगा ना, कोन गेलं?"

तुम्ही गल्लीच्या तोंडाशीच होतात. सायकल टाकून धावत आलात. तुमचा चेहरा मी पाहिला, तुम्हाला दादाच दिसत होता. मग थप्पड. मग तुम्ही विचारलंत, "तुला म्हाईत हुतं का ही कसली चाल हाय?" मी म्हणाले, "न्हाई, आबा." तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. काकूंसमोर हात जोडून म्हणालात, "पोरीला कळत न्हाई. चूक माझी हाय."

सहा दिवसांनी तारवाला आपल्या गल्लीत वळला. मी दारात उभी होते. तो आपलं घर ओलांडून काकूंच्या दारात थांबला. काकूंची किंकाळी ऐकू येण्याआधी माझ्या मनात काय आलं ते सांगते. लागू पडलं, असं आलं. मला आनंद झाला, आबा. तो विझला आणि भीती आली ती आजपर्यंत गेलेली नाही. चालीत मी नाव घातलं नव्हतं. पण रडल्या तर काकूच होत्या, मग माणूस त्यांचा वाचायला हवा होता. आपला दादा कसा परत आला? चालीनं कोणी मरत नाही आणि वाचतही नाही, हे मला कळतं. काकू समोरून आल्या की मात्र कळेनासं व्हायचं.

त्यानंतर तुम्ही क्लॅरिनेट वाजवली नाहीत. छातीत दम राहिला नाही, असं लोकांना सांगायचात. शेवटच्या आजारात, मी पाय चेपत असताना, तुम्ही म्हणालात, "वही कुलपात ठेवाय पायजे हुती. त्या बाईच्या कानावर ते पडाय नको हुतं." इतकी वर्षं तुम्ही हे उराशी घेऊन होतात. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी म्हणाले, "झोपा, आबा."

मला माहीत होतं. ती कसली चाल आहे ते नीट माहीत असून मी वाजवली. हे आज लिहितेय, कारण आज तुम्ही वाचणार नाही. तुम्ही असतात तर आजही "न्हाई" म्हणाले असते.