आई दाराशी का बसायची

बिश्केक, मंगळवार

प्रिय बाबांना सिर्गाचा सलाम.

आईची शस्त्रक्रिया नीट पार पडली. गेल्या वर्षी गर्भाशय काढताना मूत्राशयाला पडलेलं भोक पोटावरच्या बारीक छिद्रांतून शिवलं. लघवीची नळी शुक्रवारी काढतील. टाके धरले की नाही, ते तेव्हाच कळेल.

बाबा, वर्षभर ती पाहुण्यांपासून दूर, दाराशीच बसली, ती तुमच्यावर रागावून नव्हे. लघवी सतत झिरपायची, लोकरीचा गालिचा ओला होईल म्हणून. "बापाला सांगितलंस तर याद राख!" असं तिनं बजावलंय. फोनवर तिला ऐकू जाईल, म्हणून लिहून टॅक्सीवाल्या तोल्कुनबेककाकांबरोबर पाठवते. माझं चुकलं का?

आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून असते. मला बोलायला कुणी नाही. घोडी व्याली का? तुम्ही वेळेवर जेवता ना?

शुक्रवारी तिला फोन करा. बरं वाटतंय का, ते विचारू नका. घरी कधी येतेस, एवढंच विचारा.

तुमची लेक,
सिर्गा