बसमधून दिसणारी गिरणीची चिमणी

सिस्टर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही. काल शाळेतून फोन आला. स्मरणिका काढतायत, तुमच्यावर एक खास पान आहे, आणि माजी विद्यार्थिनी म्हणून मी ‘एखादी गोड आठवण’ लिहून द्यावी असं फोनवरच्या मुलीचं म्हणणं. मी विचारलं, “आंबट चालेल का?” ती बिचारी म्हणाली, “विचारून सांगते, मॅडम.” विचारून सांगणार आहे! आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले, आणि आता माझ्या आठवणीची चव कशी असावी ते एक समिती ठरवणार. ठरवू दे. तुमचं एक वाक्य मला अजून सलतं, आणि ते कुठल्याच स्मरणिकेत बसणार नाही.

आम्ही नववीत होतो. तुम्ही सापेक्ष गती शिकवत होतात आणि वर्गात कुणाला काही कळत नव्हतं. ‘हलतंय’ म्हटलं की तुमचा एकच प्रश्न: कुणाच्या दृष्टीनं? शेवटी कंटाळून तुम्ही ठरवलं की हे आता गॅदरिंगमध्येच दाखवायचं. सोलापूरहून मोडनिंबला निघालेली बस. बस म्हणजे दोन रांगांत मांडलेल्या खुर्च्या. त्या जागच्या हलणार नाहीत. बसमधल्या मुलींनी इंग्रजीत गप्पा मारायच्या, गाणं म्हणायचं, आणि त्यांच्या मागून बाकीच्यांनी पुठ्ठ्याचे खांब, कडुलिंब, मैलाचे दगड धरून उलट दिशेनं जायचं. खांबांनी पळायचं, लांबच्या झाडांनी चालायचं. “बसमध्ये बसलं की झाडंच पळतात,” तुम्ही म्हणालात. “आपण अख्ख्या हॉलला बसमध्ये बसवू.” पहिल्याच तालमीला झाडं चुकीच्या बाजूनं घुसली. शिपाईमामा दाराला टेकून बघत होते. “सिस्टर, गाडी रिव्हर्समधी निघाली की! ही मोडनिंबला कवा पोचायची?” तुम्ही इतक्या हसलात की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तुमचा पांढरा झगा, कोपरापर्यंत खडू, डोळ्यांत पाणी. रागावूनसुद्धा तुमचा तेवढा चेहरा मला टाकून देता आलेला नाही.

बसमध्ये कोण बसलं होतं ते मी अजून सांगू शकते. खिडकीशी डॉक्टरांची मुलगी, तिच्या शेजारी कलेक्टर कचेरीतल्या साहेबांची, मागच्या रांगेत वकिलांच्या दोघी मुली. इंग्रजी माझं त्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं, आणि हे तुम्हीच भर वर्गात म्हणाला होतात. मी गिरणीत माग चालवणाऱ्याची मुलगी. मला तुम्ही गिरणीची चिमणी केलंत. माझ्याहून उंच, खोकी एकावर एक चिकटवून केलेली, विटकरी रंगवलेली, डोळ्यांसाठी दोन भोकं. सगळ्यांच्या मागून, पडद्याला घासून, मी गाणं संपेपर्यंत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायचं. मैत्रिणी जाता-येता ‘चिव चिव’ करून चिडवायच्या.

म्हणून मी तुम्हाला गाठायला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात येते. तुम्ही स्टोवर खोकी चिकटवायची खळ शिजवताय, पदार्थ करावा तशी मन लावून. मोठ्या खिडकीतून ऊन आलंय आणि मैद्याचा कच्चट वास सुटलाय.

“सिस्टर, मला बसमध्ये का नाही घेतलं?”

“कारण तू चिमणी आहेस.”

“मग खांब तरी द्या. खांब निदान पळतात.”

“पळायला कुणीही मिळेल. मला हळू जाणारी हवी आहे. तू घाई केलीस तर चिमणी लांबची न वाटता रस्त्याच्या कडेला येईल आणि सगळंच खोटं पडेल.”

“पण माझे वडील येणार आहेत. ते पहिल्यांदाच शाळेत येतायत. त्यांना मी दिसणारच नाही.”

ढवळणं न थांबवता तुम्ही म्हणालात, “चिमणीला वडील नसतात.”

सिस्टर, सोलापुरात राहून हे बोलायला हिंमत लागते. आमच्या गल्लीत घड्याळं नव्हती, गिरणीच्या भोंग्यावर चूल पेटायची. त्या चिमणीतून धूर निघाला नाही तर आई आधी आप्पांच्या तोंडाकडे बघायची आणि मग पिठाच्या डब्याकडे. हे सगळं मला त्या क्षणी म्हणायचं होतं. एरवी जीभ इतकी चालते. त्या दिवशी मी खळीकडे बघत उभी राहिले. साहेबांच्या मुली पुढे खुर्चीत आणि गिरणीकामगाराची पोर मागे पुठ्ठ्यात, हे तुम्ही ठरवून केलंत की तुमच्या लक्षातही आलं नाही? यातलं जास्त वाईट कोणतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गॅदरिंगच्या दिवशी आप्पा पाळी बदलून आले. धुतलेला सदरा, टोपी, आणि खुर्च्या रिकाम्या असून मागे भिंतीशी उभे. गाणं सुरू झालं, खांब पळाले, झाडं गेली, आणि मी निघाले. इतकं हळू चालणं किती अवघड असतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. पोटऱ्या थरथरतात. हॉलमध्ये कुणीतरी ओरडलं, “चालली, चालली गाडी!” आणि टाळ्या पडल्या. टाळ्या बसला होत्या.

घरी जाताना मी आप्पांना विचारलं, “मी दिसले का तुम्हाला?”

“व्हय की. पाय दिसले.”

“नुसते पाय?”

“मग? तुजी चाल मला ठावं न्हाय व्हय? पर पोरी, येक सांग. आमची चिमणी कवापासनं चालाय लागली?”

“बसमधून बघितलं की ती मागं जाते, आप्पा. खरी नाही जात.”

ते चालता चालता थांबले. मग मोठ्यानं हसले. “म्हंजी आमी हितंच उबं, आन् बसमधल्यास्नी वाटतंय आमी मागं चाललो! लई झ्याक हाय तुमचं सायन्स.” घरी पोचेपर्यंत ते अधूनमधून हसत होते. मला मात्र त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही.

पुढे मी हाच धडा शिकवायला लागले तेव्हा तुमच्या नाटकातली चूक मला सापडली, आणि काय आनंद झाला म्हणून सांगू! बसच्या दृष्टीनं खांब आणि चिमणी एकाच वेगानं मागे जातात. चिमणी रेंगाळत नसते. ती लांब असते म्हणून तिचा वेग डोळ्यात भरत नाही, एवढंच. दरवर्षी हे फळ्यावर मांडताना माझा आवाज चढायचा, आणि पहिल्या बाकावरच्या मुलींना कळायचं नाही की बाईंना एका धुराड्याचा एवढा पुळका का.

मग तुम्ही आजारी आहात असं कळलं. पुण्याला, वयस्कर सिस्टरांच्या घरी. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आले, आणि मनात तो प्रश्न. डबा उघडून तुम्ही म्हणालात, “दात कुठे आहेत मला आता?” मग चटणी बोटानं चाटलीत आणि ठसका लागेपर्यंत चाटत राहिलात. मी तुम्हाला चांगली आठवत होते. इंग्रजी उत्तम, जीभ तिखट. प्रश्न ओठांवर आणते तोच तुम्ही आपणहून त्या बसवर आलात. “माझा सगळ्यांत चांगला धडा तो. आणि ती चिमणी! काय चालली होती ती मुलगी. बस तिनं चालवली. खांब काय, कुणीही पळेल. कोण होती गं ती?”

मी तुमच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

“आठवत नाही, सिस्टर,” मी म्हणाले.

परतीच्या गाडीत मी त्यावर खूप विचार केला. तुम्हाला आठवत नव्हतं, म्हणजे माझ्या बापाकडे बघून तुम्ही मला मागे टाकलं नव्हतं. किंवा पुठ्ठ्याच्या आत कोण आहे हे तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं. दोन्ही उत्तरं बरोबर येतात, आणि ताळा करायला तुम्ही नाही.

हे स्मरणिकेला जाणार नाही आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही, म्हणून तेवढं एक लिहून टाकते. ‘मीच ती’ हे शब्द तोंडाशी आले होते. पण ते ऐकून तुम्ही म्हणाला असतात, “तू?” नुसतं तेवढंच, नवल वाटून. मी प्रिन्सिपॉलना घाबरले नाही, नवऱ्याला नाही, सासूला तर नाहीच. त्या दुपारी मात्र तुमच्या त्या एका शब्दाला घाबरले, आणि डब्याचं झाकण लावत बसले.