रिंगखालचा टक्का

बाई, "टक्का समदं सांगतो, फकस्त पोर कुठं हुबी होती तेवढं सांगत नाय," असं तुम्ही शाळेच्या मैदानावर एका मुलीच्या वडिलांना म्हणाला होतात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आज जेवताना ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. माझी मुलगी आणि तिचा मामेभाऊ भांडत होते. फोनवर परदेशातल्या दोन बास्केटबॉलपटूंची अख्ख्या कारकिर्दीची टक्केवारी उघडलेली. "ह्याचे जास्त बॉल जातात, विषय संपला," मुलगी म्हणाली. "अगं, तो ताडमाड माणूस रिंगखाली उभा राहून नुसता वर ठेवतो! हा कुठून मारतो ते बघ की," भाचा म्हणाला. वरणाची पळी माझ्या हातात तशीच राहिली.

मी नववीत आहे. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस आहेत. वडील चिकलठाण्याच्या कंपनीतली पाळी संपवून तसेच मोर्चाला जातात आणि ते येईपर्यंत आई दाराशी बसून राहते. मी कोपऱ्यावरच्या पोलीसगाडीला वळसा घालून सकाळी सरावाला येते. संघातल्या मुली माझ्याशी गोड वागतात. फक्त खेळ सुरू झाला की म्हणतात, "तू बाहेरच थांब गं, तुला लांबून लई भारी जमतं." रिंगखाली दाटी असते, अंगाला अंग लागतं, एकीचा घाम दुसरीला पुसला जातो. तिथं मला बॉल येत नाही. मला ते कौतुक वाटतं. तुम्ही मुलींना रागावता, त्या एक दिवस पास देतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. मग तुम्ही मला लांबूनच मारायला शिकवता. "आमच्या करमाडला मेंढरू वळवाया त्याच्यावर ढेकूळ मारीत नाय, त्याच्या फुडं टाकतेत. बॉल रिंगला नको हाणू. वरच्या मोकळ्या जागंत टाक, उतरंल त्याचा तो."

विभागीय स्पर्धेच्या संघात शेवटची जागा माझी की रिंगखाली खेळणाऱ्या एका मुलीची, असा प्रश्न होता. सरावात तिचा टक्का माझ्यापेक्षा बराच वर होता. तुम्ही मला घेतलंत. दुसऱ्या दिवशी तिचे वडील पुंडलिकनगरहून स्कूटरवर आले. "आकडे आमच्या पोरीचे चांगले, मग हिला कशी घेतली?" त्यावर तुम्ही ते वाक्य बोललात. ते हसले. "राहू द्या हो बाई. सध्या वारंच तसलं आहे, कमी टक्केवाल्यांचं."

"वारं नाय साहेब. आत हिला कुणी बॉलच देत नाय. का देत नाय, ते तुमच्या पोरीलाच इचारा."

ती बुटाची नाडी बांधत राहिली, बांधलेलीच पुन्हा सोडून. "तुला लांबून जमतं" याचा अर्थ मला तेव्हा कळला. मी पाणी प्यायला गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

स्पर्धेत माझे काही बॉल गेले, काही नाही. आपण लवकरच हरलो. तुम्ही बरोबर होतात, हे आज कुणीही सांगेल. पण बाई, एक राहूनच गेलं. आत बॉल मिळाला असता तर तो मला घालता आला असता का? तुम्ही धरून चाललात की आला असता. ती तुमची नजर होती की माया, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. पुढे नोकरी मिळाली, बढती मिळाली, आणि प्रत्येक वेळी त्या साहेबांचं 'वारं' कानाशी आलं. ऑफिसात मी नेहमी अवघड काम मागून घेते. सगळे म्हणतात, धाडसी आहे. खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही. अवघड काम चुकलं तर कुणी काही म्हणत नाही. सोपं चुकेल, याची मला अजून भीती वाटते.

करमाडच्या तुमच्या घरी आता कोण राहतं, मला माहीत नाही. हे कागद कुठंच जाणार नाहीत. तुम्ही शिट्टी तोंडातून काढून म्हणणार, "मोजायला मी काय रिकामी हाय व्हय?" तरी मागते. एक सकाळ मला रिंगखाली उभं करा, सगळ्या पोरींना पास द्यायला लावा, आणि माझे किती जातात ते मोजा.