हातांनी शेवाळ धरणारा मासा

प्रिय दादा,

इतक्या वर्षांनी लिहितेय, रागावू नकोस. मागच्या महिन्यात प्रयोगशाळेतून निवृत्त झाले. गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र अजून तेवढीच तिखट आहे.

तुझी होडी तरंगत्या शेवाळाचे पुंजके घेऊन आली की आमची कशी तारांबळ उडायची! प्रत्येक पुंजका गोड्या पाण्याच्या बादलीत तीनदा झटकायचा. गोडं पाणी सोसत नाही, म्हणून कोळंबीची पिल्लं, नखाएवढे खेकडे, गोगलगायी पटापट सुटून खाली पडायच्या. ते सगळं वेचायचं आणि शेवाळ वजनासाठी भट्टीत सुकायला ठेवायचं. तू दारात उभा राहून आमची टिंगल करायचास.

त्या सकाळी तू एक पुंजका घेऊन धापा टाकतच आलास. यात शेवाळाला हातांनी धरून बसलेला मासा पाहिला म्हणालास. रंग शेवाळाचाच, अंगावर झालरीही तशाच. प्रयोगशाळेचे साहेब हसले. असला मासा आपल्या पाण्यात नाहीच म्हणाले. तू माझ्याकडे बोट दाखवलंस, ही शोधेल म्हणालास. दादा, मी एकदाच झटकलं रे. साहेब डोक्यावर उभे होते, माझी नोकरी पक्की व्हायची होती. काही नाही, असं सांगून मोकळी झाले.

दुपारी भट्टी उघडली तर तो होता. अंगठ्याएवढा, सुकून कडक झालेला, दोन्ही हातांनी फांदी घट्ट धरलेली. मी मेलीनं तो कागदात गुंडाळून फेकून दिला. धक्क्यावर सगळे तुला थापाड्या म्हणायला लागले, पोरंसोरंसुद्धा. मी मूग गिळून बसले. तू होडी विकलीस. जाताना एकदाच विचारलंस, नीट पाहिलं होतंस ना? तर मी उलट तुझ्यावरच खेकसले. त्याची लाज आजही वाटते.

काल वहिनीचा फोन आला. तू आता तिलाही ओळखत नाहीस म्हणे. मुलांची नावं गेली, घराचा रस्ता गेला. पण दारात कुणीही येवो, अगदी पोस्टमनसुद्धा, तू विचारतोस, मासा सापडला का? फोन हातात तसाच धरून मी ढसाढसा रडले. वहिनी, हे त्याला मोठ्यानं वाचून दाखव. विसरला की पुन्हा वाच, रोज वाच. दादा, सापडला होता. मला सापडला होता. तू खरंच बोलत होतास.

तुझीच,
धाकटी