टेकूच्या बांबूचं ग्लायडर

४ ऑक्टोबर
बाबा म्हणे, नववीत शाळा सोडली, आता दिवाळी झाली की तुले नांदगाव पेठले कापडाच्या कंपनीत लावून देतो. तिथं लोकं बक्कळ. मले तर दुकानात साबण मांगाचीबी लाज वाटते.
निर्णय: दिवाळीच्या आधी ग्लायडर बनवून उडून दाखवाचं. मंग कोण धाडते कंपनीत! व्हिडिओ पाह्यला. सारं समजलं. इंग्लिश होता म्हणून आवाज बंद ठेवला.

६ ऑक्टोबर
बांबूचा प्रश्न मिटला. फळाच्या वजनानं संत्र्याच्या फांद्या मोडू नये म्हणून बाबानं खाली टेकू लावले, त्यातलेच सहा काढले. एका झाडाचा एकच, म्हणजे कोणावर अन्याय नाही. फांद्या जराशा खाली आल्या. तोडाले सोपं जाइन.
सामान माह्या दोस्ताच्या, कुलदीपच्या गोठ्यात. बाबाले सरप्राइज.

९ ऑक्टोबर
बांबूवर ताडपत्री ताणली, सायकलच्या ट्यूबनं बांधली. कुलदीपची बहीण पौर्णिमा म्हणे, काहून रे, मांडव कोणाच्या लग्नाचा? तिले यातलं काही समजत नाही. बारावी सायन्सले आहे फक्त.

१२ ऑक्टोबर, सकाळी
पहिली टेस्ट, कुलदीपच्या शेततळ्याच्या पाळीवरून. तो म्हणे, तू उड बे, मी खालून शूटिंग करतो, दोघातला एक तं वाचला पाह्यजे.
धावलो. ग्लायडर उडालं. मस्त उडालं. म्या आधीच सोडून देल्लं होतं. म्हणजे मशीन पास. पायलटचं पाहू.

१५ ऑक्टोबर
दुसरी टेस्ट. स्वतःले दोरीनं बांधूनच घेतलं. वारा नव्हता. पाळीवरून गडगडत खाली. गुडघा फुटला, बांबू तुटले. कुलदीप म्हणे, थोडासाक हवेत होता तू. शूटिंगमदी नुसता धुरळा दिसते, पण तो खोटं बोलत नाही.

१७ ऑक्टोबर
व्यापारी बाग पाहाले आला. सहाच्या सहा फांद्या मोडून पडलेल्या, हिरवी संत्री मातीत. बाबाले म्हणे, शालिकरामभाऊ, टेकू नाही लावले का? अन् शेजारच्या बागेत चालला गेला.
बाबा तिथंच उभे. मंग आईले म्हणे, लावले होते असं वाटून राहिलं मले. राहून गेले असतीन. आताशा ध्यानात राहत नाही माह्या.
सांगाचं ठरवलं. चहा झाल्यावर.

१८ ऑक्टोबर
चहा दोनदा झाला.
बाबा म्हणे, कंपनीत नको जाऊ बापू. माह्यावाला भरवसा नाही राह्यला आता. बाग तूच पाह्य.
प्लॅन सक्सेस.
दिवसभर बाबा बागेत. एकेक टेकू हातानं हालवून पाहून राहिले, अन् दर झाडापाशी मले इचारतात, हा आहे ना रे? आहे, म्हणतो.