अकरा पडदे आणि एक खिडकी

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार, आणि दाजींना वेगळा, जरा जास्तच वाकून. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठणठणीत आहेत, माझीच तेवढी झोप उडाली आहे. ती का उडाली हे सांगायलाच हे पत्र. (फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच रागावतेस. पत्र निदान पूर्ण होतं.)

तर आमचे साहेब, म्हणजे तू नको म्हणत असताना मी ज्यांना मत दिलं ते, त्यांच्या सरकारी खर्चाची यादी वर्तमानपत्रात छापून आली. त्यात एक ओळ होती: ‘जनसंपर्क कार्यालय, खिडक्यांचे पडदे, नग अकरा.’ शिवणारा मी. नग अकराच, शिवण अशी की भिंग लावून बघावी. फक्त ते शिवले साहेबांच्या स्वतःच्या नव्या बंगल्यासाठी. बिलावर कार्यालय लिहा असं त्यांच्या सचिवाने सांगितलं (“सगळे तसंच लिहितात, मास्तर”), आणि मी लिहिलं. कार्यालयाला खिडकी एकच आहे, आणि तिच्यातून मांजराला जायचं असेल तर पोट आत घ्यावं लागेल.

चौकशी लागली. तुला वाटेल, माणूस आता पैसे भरून टाकील, चार लोकांत मान खाली घालील. छे! सचिव दुकानात येऊन म्हणाला, पडदे बंगल्यातून काढा आणि कार्यालयात लावा. मी विचारलं, कशाला लावू? तो म्हणाला, भिंतींना. ताई, तीस वर्षं मशीन चालवतोय, पण भिंतीला ऊन लागतं म्हणून पडदा मागणारं गिऱ्हाईक कधी भेटलं नव्हतं. तरी लावले. (एकदा शिडीवर चढल्यावर मला नाही म्हणता येत नाही. शिडीखालीही फारसं येत नाही.) बंगल्याच्या खिडक्या छतापासून जमिनीपर्यंत आणि कार्यालयाचं छत बुटकं, त्यामुळे पडदे हातभर जमिनीवर लोळत होते. सचिव स्वतःच दोनदा त्यात पाय अडकून पडला.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या बाई आल्या, तेव्हा सचिवाने मलाही तिथेच थांबवून घेतलं होतं. साध्या, बारीक चष्म्याच्या, चहासुद्धा घेतला नाही. साहेब कुठे आहेत असं त्यांनी विचारलं, तर सचिव म्हणाला, तीन दिवस दौऱ्यावर आहेत, दौऱ्याचा भत्ताही कालच मंजूर झाला. मग बाईंनी पहिल्या पडद्याची दोरी ओढली. भिंत. दुसरा, भिंत. तिसऱ्यामागे भिंत आणि तिच्यावर साहेबांचा हात जोडलेला फोटो. सचिवाने घाम पुसत खुलासा केला, की खिडक्या मंजूर झाल्या आहेत, बांधायच्या तेवढ्या बाकी आहेत. चौथ्याआड संडासाचं दार निघालं. बाईंनी ते ढकललं तर आतून आवाज आला, “अरे, आहे ना कुणीतरी!” आवाज साहेबांचा. बाईंनी शांतपणे दौऱ्याचं ठिकाण कागदावर लिहून घेतलं.

इथवर मीही हसत होतो. पण बाहेर आल्याआल्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलं. म्हणे, मास्तर भला माणूस आहे, पण बिलात त्याचाच घोळ झाला. आता पुढच्या गुरुवारी माझी साक्ष आहे. चूक माझी म्हटलं तर साहेब सुटतात, वर नव्या सभागृहाचे पडदे मला मिळतात (सचिवाने तसं कानात सांगितलंय), आणि दुकानावर लबाडीचा शिक्का बसतो. नाहीतर माझी मापवही दाखवायची. तिच्यात तारखेनिशी लिहिलंय: ‘साहेब, नवा बंगला, खिडक्या अकरा.’ मला भयंकर राग आलाय, ताई. आमच्या गल्लीत दिवा लावायला पैसे नाहीत म्हणतात आणि यांच्या बंगल्याला अस्तराचे पडदे! राग त्यांचा आहे, आणि भिंतीला खिळे ठोकणाऱ्या माझ्या हातांचाही आहे. मी ठरवलंय, वही द्यायची. मग दुकान चालो नाहीतर बसो.

भाचरांना पाठीत एकेक प्रेमाचा धपाटा. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. आजच्या पेपरात साहेबांनी सार्वजनिक जीवनातल्या पारदर्शकतेवर लेख लिहिला आहे. चांगला आहे. सचिवाने लिहिलाय.

ता. क. आणखी एक. वही द्यायची म्हणून काल उघडली. साहेबांचं पान उलटलं, तर त्याच पानाच्या पाठीवर माझ्याच अक्षरात: ‘ताईची झोपायची खोली, खिडकी एक, उरलेल्या कापडातून.’ उरलं म्हणजे काय, मीच जरा जास्त मागवलं होतं. पान फाडायला हात घातला होता. पण तुला फाडलं की साहेब सुटतात. तेव्हा तो पडदा काढून मंगळवारपर्यंत पोचेल असा पाठव. वहीशेजारी बाईंच्या टेबलावर ठेवणार आहे. दाजींना कारण सांगू नकोस. किंवा सांग, आज ना उद्या पेपरात येईलच.

ता. क. शेवटचा. खालची झालर उसवून ठेवून घे, ती मी माझ्या पैशांनी आणली होती. दोरीचं मात्र नक्की आठवत नाही. दोरीही पाठव.