हीट पंपाच्या प्रकृतीचं वर्तमान

कुहमो, गुरुवार
(वाटाण्याचं सूप शिजायला ठेवलंय, त्यामुळे पत्र लांबणार)

राजमान्य जावईबापू यार्नो यांना सासरे वेइयो यांचा बर्फातून उकरून काढलेला, पण आतून गरम असा नमस्कार.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही, आमची विर्पी आणि तुमची ती सदा शिंकणारी मांजर कुशल असाल असं धरून चालतो. तुमच्या सासूबाईंचा गुडघा अजूनही हवामान खात्याच्या आधी थंडी सांगतो. माझं रक्त डॉक्टरच्या मते जरा दाट आहे, माझ्या मते बरोबर आहे. राहता राहिला तुम्ही बसवलेला, घर तापवणारा हीट पंप. त्याची प्रकृती उत्तम आहे, इतकी की घरात निरोगी म्हणावा असा आता तोच एक उरलाय. जानेवारीत येऊन तुम्ही त्याची दुरुस्ती केलीत, त्याबद्दल आभार मानायला हे पत्र. फोनवर मानता आले असते, पण फोनवर ही मला मध्येच तोडते. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. त्यातलं निम्मं तुम्हाला ठाऊक आहे, पण ते निम्मं हिने सांगितलेलं आहे.

गेल्या ईस्टरला तुम्ही भर जेवणात जाहीर केलंत की या वयात आम्ही लाकडं फोडत बसायचं नाही, तुम्ही स्वतः यंत्र आणून बसवणार. तुमचा धंदाच तो, तेव्हा तुम्ही बोललात त्यात गैर काही नाही. मीही मान डोलावली (तोंडात मटणाचा घास होता, दुसरं काय डोलावणार). पण पुढच्याच आठवड्यात ओस्मो करवत घेऊन दारात उभा. तळ्यापलीकडचा ओस्मो तुम्ही पाहिलाय. तुमच्या लग्नात कोट न काढता, तोंड न उघडता बसला होता तो. तीस वर्षं दर वसंतात आम्ही दोघं त्याच्या रानात बर्चची झाडं पाडतो, फोडतो, रचतो, अर्धी त्याची, अर्धी माझी. मी म्हटलं, यंदा मला थोडी पुरतील, जावई यंत्र बसवतोय. तो म्हणाला, "बरं." आणि गेला. तुमच्या ताम्पेरेला माणसं भांडताना बोलतात म्हणे. आमच्याकडे याहून कडाक्याचं भांडण झाल्याचं मला तरी आठवत नाही.

आता आमची दोघांची पद्धत अशी, की ज्याच्या सौनाच्या, त्या वाफ घ्यायच्या लाकडी खोलीच्या, धुराड्यातून धूर निघेल त्याच्याकडे दुसऱ्याने टॉवेल घेऊन जायचं. बोलवायचं नाही. बोलावणं धाडलं की माणूस परका झाला. त्या शनिवारी मी सौना तापवला, धूर चांगला तळ्यावर जाऊन लोळला, ओस्मो आला नाही. पुढच्या शनिवारी नाही, अख्ख्या उन्हाळ्यात नाही. त्याच्या घरून धूर निघाला तेव्हा मीही गेलो नाही. मला काही फरक पडला नाही हो. बाकावर पाय पसरायला जागा झाली, एवढंच. (ही म्हणते मी तेव्हापासून सौनातून पाच मिनिटांत बाहेर येतो. हिचं घड्याळ पुढे आहे.)

मग पानगळीत तुम्ही यंत्र घेऊन आलात. खिडकीतून तळं दिसलंच पाहिजे असा हिचा हट्ट, म्हणून यंत्राचा बाहेरचा डबा सौनाच्या बाजूच्या भिंतीवर, पार खाली टांगावा लागला. तुम्ही तेव्हाच म्हणालात की फार खाली झाला, डीफ्रॉस्टचं पाणी गळून खाली गोठेल. ते पाणी वाहतं ठेवणारी तापती वायर तुम्ही घरी विसरला होतात, ती ख्रिसमसला आणणार होतात. (ख्रिसमसला ना तुम्ही आलात, ना वायर. त्या वेळी मी अवाक्षर काढलं नाही, आत्ताही काढत नाही.) डीफ्रॉस्ट म्हणजे काय तेही तुम्ही छान समजावलंत. बाहेरच्या जाळीवर दव गोठतं, की यंत्र आपलं काम सोडून उलटं चालतं, घरातली ऊब उचलून स्वतःच्या अंगावर घेतं, बर्फ वितळवतं आणि मग पुन्हा कामाला लागतं. घरातली सगळी ऊब एकट्याने पांघरून बसणं हा प्रकार तुमच्या सासूबाईंमुळे माझ्या ओळखीचा होता, म्हणून चटकन समजला. जाताना तुम्ही बजावलंत, बाबा, बटणांना हात लावायचा नाही.

मी कशाला लावतोय. पण सोबतची पुस्तिका रिकामी पडली होती, आणि छापलेलं वाचायचं नाही असं तुम्ही म्हटलं नव्हतंत. तीत लिहिलं होतं, की दोन बटणं एकदम दाबून धरली की डीफ्रॉस्ट किती वेळाने व्हावा ते बदलता येतं. जास्त वेळा वितळलं तर बर्फ कमी साचेल, असा मी साधा विचार केला आणि सगळ्यात जवळची वेळ लावून टाकली. झालं! यंत्र जरा घर तापवी की लगेच स्वतःला शेकायला बसे. ही स्वयंपाकघरात लोकरी कोट घालून कॉफी करू लागली आणि माझ्याकडे बघेना. बाहेर गळलेलं पाणी खाली पडतं न पडतं तोच गोठे. त्या बर्फाचा ढिगारा वाढत वाढत डब्याच्या तळाला भिडला, आत शिरला, आणि पंख्याची पाती त्यावर करकरायला लागली. आणि दर वेळी डब्यातून वाफेचा जो लोट उठे, तो पार छपराच्या वर.

हा लोट एका मंगळवारी ओस्मोने त्याच्या खिडकीतून पाहिला. तळं गोठलेलंच होतं. पायाने ढकलायची ती घसरगाडी घेऊन तो सरळ तळ्यावरून आला, एका हातात बादली, गाडीवर बर्फ फोडायची लोखंडी पहार. टोपी उलटी, मफलर मागे उडतोय. ईस्टरनंतरचे त्याचे पहिले शब्द: "पेटलंय का?"

मी म्हटलं, "नाही. वितळतंय."

मग त्याने डबा नीट पाहिला. पंखा करकरत होता, वाफ निघत होती, खालून पाणी टपकत होतं. गळाला मोठा मासा लागल्यावरही त्याच्या तोंडावर मी एवढं समाधान पाहिलेलं नाही. "लाकडाला असं करावं लागत नाही," एवढं बोलून त्याने बादली ठेवली, पहार उचलली आणि बर्फ फोडायला सुरुवात केली. मी फावडं आणलं. हिने कॉफी आणि वेलदोड्याचे गोड पाव बाहेर आणून दिले आणि काही न बोलता आत गेली. (यावरून तुम्हाला प्रसंगाचं गांभीर्य कळेल.)

दुसऱ्या दिवशी ढिगारा पुन्हा तेवढाच, आणि ओस्मोही हजर. तुझ्याकडे नाही आलो, बर्फ बघायला आलो, असं त्याने आधीच सांगून टाकलं. मग रोजचंच झालं. ढिगाऱ्याला त्याने नाव ठेवलं, 'जावई'. का, तर म्हणे खाली बसून राहतो, दिवसेंदिवस फुगतो आणि घालवला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. सकाळी आला की आधी विचारायचा, काय रे, जावई उठले का? (राग मानू नका. नाव त्याने ठेवलं, मी फक्त वापरत होतो.) तुमच्या यंत्राला त्याने इतक्या शिव्या दिल्या की मला त्याची बाजू घ्यावी लागली, आणि बाजू घ्यायची म्हणजे बोलावं लागतंच. शनिवारी बर्फ फोडून हात बधिर झाले. मी सौना पेटवून ठेवला होता. धूर त्याच्या डोक्यावरच होता. त्याने बादलीत हात घातला आणि तळाशी घडी करून ठेवलेला टॉवेल काढला.

आत बसलो. मी तापल्या दगडांवर पाणी मारलं, त्याने मारलं. मग तो म्हणाला, "एकट्याने करवत धरली की झाड कुठं पडतंय ते ओरडून सांगायला कुणी नसतं." मी आणखी पाणी मारलं. तसा डोळ्यांत घाम गेला, दोघांच्याही. अख्खा डिसेंबर असा गेला. हिने कोट घालून कॉफी केली, आणि मी म्हणेन यार्नो, की इतका चांगला हिवाळा मला कित्येक वर्षांत लाभला नव्हता.

मग हिने विर्पीला फोन केला, आणि जानेवारीत तुम्ही वायर घेऊन दारात. डबा उचलून वर टांगलात, तळाला वायर घातलीत, सेन्सर जागच्या जागी बसवलात, आणि खरोखर बर्फ साचला तरच वितळवायचं असं यंत्राला शिकवलंत. काम कसं, तर बोट ठेवायला जागा नाही. घर ऊबदार, ही कोटाशिवाय हिंडते, वाफ नाही, गळती नाही. दुसऱ्या दिवशी ओस्मो पहार घेऊन आला. डब्याखाली वाकून पाहिलं. मीही वाकलो. फोडायला खडा सुद्धा नव्हता. "छान बसवलंय," तो म्हणाला. मग म्हणाला, "बरं." पहार खांद्यावर टाकली आणि तळ्यावरून निघून गेला. तो शब्द आमच्याकडे काय असतो ते मी वर लिहिलंच आहे.

तेव्हापासून दर शनिवारी मी सौना तापवतो. वारा त्याच्याच घराकडे असतो, मी बघून घेतलंय. तो येत नाही. आता त्याचं इथे काही काम उरलं नाही असं त्याने धरलं असावं. ही म्हणते, अहो, सरळ जाऊन बोलवा. हिला काय जातंय सांगायला. तीस वर्षांत न बोलावलेल्या माणसाला आज काय म्हणून बोलावू? मला करमत नाही म्हणून? असं तोंडाने म्हणतात का कुठे?

असो. सूप खाली लागल्याचा वास येतोय. तुमच्या कारागिरीचे पुन्हा एकदा आभार. विर्पीला आशीर्वाद, मांजरीला औषध.

आपला, तक्रार करायला जागाच न उरलेला,
वेइयो

ता. क. : ती दोन बटणं मी परवा पुन्हा दाबून पाहिली. तुम्ही कुलूप घातलेलं दिसतं. हुशारी आहे, पण त्याचा आकडा कळवावा. नाहीतर स्वतःच येऊन वायर काढून न्यावी. सासूबाईंना वार्षिक तपासणी म्हणून सांगता येईल.

आणखी एक ता. क. : पार बिघडवायचं नाही हं. हिला कोट घालावा लागू नये. कॉफी होईपर्यंत दोन म्हातारे फोडू शकतील एवढाच बर्फ रोज व्हावा. तुमच्या हाताला ते अवघड नाही.

सासूबाईंचा ता. क. : यार्नो, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. (सूप लागलं ते यांच्यामुळे, आणि घड्याळ माझं बरोबर आहे.) आकडा पाठवू नका. आत्ता हे तिकिटं आणायला गेलेत, तेवढ्यात मागच्या दाराने ओस्मो आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग विचारलं, तुमचा जावई माझ्याकडे यंत्र बसवून देईल का. मी म्हटलं, एवढी लाकडं असताना? तर म्हणाला, "लाकडं आहेत. पण बसवायला सांग. इथं पहिल्यांदा बसवलं होतं तस्सं, खाली. आणि वायर नको म्हणावं." जाताना पहार आमच्या दाराशी टेकवून ठेवली. मी हाक मारली, अहो, विसरलात. तो मागे न बघता म्हणाला, "राहू दे. वेइयोला लागेल. माझ्याकडे येताना."